धोंड्याच्या महिन्यातली एकादशी

आमच्या वाचनालयातले सभासद-अर्ज चाळले, तर साठी ओलांडलेल्यांच्या जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हा पुन्हा भेटतो. खेड्यात वाढलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरी जन्माची नोंद नसायची. गुरुजी पोराच्या अंगकाठीकडे बघून वर्ष ठरवायचे आणि त्याच्या अलीकडे १ जून लिहून टाकायचे. पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं त्याच एका ओळीवर चालायचं.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे आमचं वाचनालय ‘ब’ वर्गात येतं. मी, एक लिपिक आणि शिपाईकाका, एवढीच माणसं. त्या दिवशी दुपारी वर्तमानपत्रवाले उठून गेले होते आणि अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं डबे खात होती. एक बाई आत आल्या. चप्पल दाराबाहेर काढून, पदर सावरून टेबलाशी उभ्या राहिल्या.

“बाई, तुमच्याकडं जुनं पंचांग असतं का? लई जुनं.”

या कामात एक गोष्ट लवकर कळते. माणूस तोंडाने मागतो ते आणि त्याला हवं असतं ते, यांत बऱ्याचदा अंतर असतं. ‘शेतीवरचं पुस्तक द्या’ म्हणणाऱ्याला डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं औषध हवं असतं. ‘कायद्याचं काही आहे का’ विचारणाऱ्या मुलीला सासरहून परत आल्यावर पुढे काय करायचं ते हवं असतं. हे पहिल्या वाक्यात कोणी सांगत नाही, आणि चौकशी केल्यासारखं विचारलं तर मुळीच सांगत नाही. म्हणून मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि म्हटलं, “मावशी, पंचांगात काय बघायचंय?”

थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, “माझा जन्म बघायचाय. नात विचारती, आज्जी, तुझा खरा वाढदिवस कधी? दाखल्यावर १ जून १९५८ हाय. पन आई सांगायची ते येगळंच.”

आई काय सांगायची, ते मी एकेक करून लिहून घेतलं. तू धोंड्याच्या महिन्यात झालीस. एकादशी होती. भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजून झाले होते, पण बी अजून टाकलं नव्हतं. दिवेलागण झाली, घरात रॉकेल नव्हतं, तर सुईणीने अंगणातल्या चांदण्यात पाणी तापवलं. आणि पानशेतचं धरण फुटलं तेव्हा माझा सव्वा महिना फिटून मी कामाला लागले होते. बाप त्या वेळी पुण्यात हमाली करायचा. पुराच्या दुसऱ्या दिवशी तो चालत गावी आला, तोवर घरचे त्याची आशा सोडून बसले होते.

त्या माउलीला अक्षर येत नव्हतं. पण तिने लेकीच्या जन्माची इतकी पक्की नोंद करून ठेवली होती, की मला फक्त ती लावून बघायची होती.

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. पुणे जिल्ह्यात ही तारीख शोधावी लागत नाही. राहिला धोंडा. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडत जाते आणि सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा धरून ती भरून काढतात. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही, म्हणजे सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, तो अधिक. आपल्याकडे त्यालाच धोंडा म्हणतात आणि जावयाला अनारशांचं वाण देतात. अधिक महिना दर खेपेला वेगळा असतो, म्हणूनच वर्ष ओळखायला त्याच्यासारखी खूण नाही.

पंचांगं आमच्याकडे होती. काही वर्षांपूर्वी एका भिक्षुकांचं जुनं घर पाडताना त्यांच्या मुलांनी गठ्ठा आणून दिला होता. कार्यकारिणीतल्या एकदोघांना तो रद्दीत घालावासा वाटत होता. मी प्रत्येक पंचांग दाखल नोंदवहीत चढवलं, दाखलांक दिला, डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवलं. वर्गांक देताना बराच विचार केला होता. ज्योतिषाबरोबर १३३.५ मध्ये टाकणं सोपं होतं, पण मी ५२९ दिला, म्हणजे ड्यूईच्या दशांश वर्गीकरणातली कालगणना. पंचांग भविष्यासाठी बघतात तसंच मागे वळून काळ मोजायलाही लागतं, असं माझं तेव्हाही मत होतं. त्यानंतर कुणी त्यांना हात लावला नव्हता. साठातपासणीत दरवर्षी मोजायची आणि परत ठेवायची.

शिपाईकाकांनी गठ्ठा टेबलावर आणून सोडला. शके १८८० मध्ये, म्हणजे १९५८ साली, धोंडा आहे, पण तो अधिक श्रावण. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मावळात तेव्हा आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू असते, बी टाकायचं राहिलं असेल कुठून? दाखल्यातलं वर्ष तिथेच बाद झालं. मग शके १८८३, प्लवनाम संवत्सर, काढलं. पानाच्या कडा हातात तुटत होत्या. अधिक ज्येष्ठ. मेच्या मध्यापासून १३ जूनपर्यंत. राब भाजलेले, पाऊस तोंडावर, बी अजून कणगीत. बरोब्बर बसत होतं.

पण महिन्यात एकादशा दोन. शुद्ध पक्षातली मेच्या अखेरीस, वद्य पक्षातली जूनमध्ये. मी मावशींना विचारलं, “चांदणं दिवेलागणीलाच होतं, की मध्यरात्रीनंतर पडलं?”

“दिवेलागनीलाच. आई तेच सांगायची, की देवानं वर दिवा लावला व्हता.”

वद्य एकादशीचा चंद्र मध्यरात्र टळल्यावर उगवतो. संध्याकाळी चांदणं हवं तर शुद्ध एकादशीच हवी. तरी मी दुसरी खूणही ताडून पाहिली. वद्य एकादशी धरली तर पुराच्या दिवशी बाळ जेमतेम महिन्याचं होतं आणि बाळंतिणीचा सव्वा महिना फिटायचा होता. शुद्ध धरली तर दीड महिना होऊन गेला होता. दोन्ही खुणा एकाच ओळीवर येऊन थांबल्या. त्या ओळीवर बोट ठेवून मी इंग्रजी तारीख वाचून दाखवली. ती इथे लिहीत नाही, ती त्यांची आहे.

मावशी आधी बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. त्या एका वसतिगृहात स्वयंपाकाच्या नोकरीला होत्या आणि दाखल्याप्रमाणे वय झालं म्हणून निवृत्त झाल्या होत्या. “म्हंजे माझी तीन वरसं आधीच मोजली म्हनायची,” त्या म्हणाल्या. गुरुजींचा १ जून खऱ्या दिवसाच्या जवळच पडला होता, वर्ष मात्र तीनने चुकलं होतं. थोरल्या बहिणीबरोबर शाळेत गेल्या होत्या आणि अंगाने थोराड होत्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की सरकारी कामाला हा कागद चालणार नाही, दाखल्यावरची तारीख यावरून बदलून मिळणार नाही. त्यांनी मान हलवली. “मला कुठं पेन्शन वाढवायचीय? आई खरं बोलत व्हती, येवढंच बघायचं व्हतं.”

त्यांनी पानाचा फोटो मागितला, मी काढून दिला. शिवाय तिथी, शके आणि तारीख कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहून दिली.

संध्याकाळी घरी जाताना मला रंगनाथन आठवत होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. मूळचे गणिताचे शिक्षक. सुरुवातीला त्यांना हे काम इतकं रिकामं वाटलं, की आपल्याला परत शिकवायला पाठवा म्हणून त्यांनी विनवणी केली होती. पुढे ते इंग्लंडला गेले, तिथली ग्रंथालयं हिंडून पाहिली आणि आयुष्यभर याच कामाचे झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं तिसरं, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’, मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. शके १८८३ च्या पंचांगाचा वाचक त्या दुपारी चप्पल बाहेर काढून आत आला, तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

लोक विचारतात, तालुक्याच्या वाचनालयात पगार तो किती, इतकी वर्षं कशाला राहिलात? पगार खरंच कमी आहे. पण दुसऱ्या कुठल्या टेबलावर असा प्रश्न येईल? डॉक्टरकडे दुखणं येतं, वकिलाकडे भांडण येतं. आमच्याकडे काहीही येतं, आणि येणाऱ्याकडे पैसे, ओळख, शिक्षण यांतलं काही असावंच लागत नाही. शोधायला मी बसते, सापडतं ते त्याचं असतं. मला यातच आनंद आहे आणि तो कमी झालेला नाही.

त्यानंतर मावशींच्या गावाहून आणखी काहीजण आले. कुणी ‘दुष्काळाच्या साली, नागपंचमीला’, तर कुणी ‘कोयनेचा भूकंप झाला त्या आठवड्यात’. भूकंपवाल्यांचं काम झटकन होतं, कारण तो ११ डिसेंबर १९६७ चा. बाकीच्यांसाठी पंचांगं लागतात, आणि आमच्या गठ्ठ्यात शके १८७३ ते १८७९ मधली बरीच नाहीत. तुमच्या माळ्यावर, देव्हाऱ्याखालच्या फडताळात, आजोबांच्या ट्रंकेत त्या वर्षांची असतील, तर रद्दीवाल्याला देऊ नका. पानं फाटलेली असली तरी चालतील. आमच्याकडे यायला जमत नसेल, तर तुमच्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या आणि ती दाखल नोंदवहीत चढवायला सांगा.