वेलन जेनिंग्ज टोन: स्लॅप लागला, फेझर मागे पडला

काल रात्री स्लॅप लागला! गिटारच्या सहाव्या तारेवर अंगठा पडला आणि तार फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटून तो कोरडा, टणक ‘ठप्’ निघाला. अमेरिकन कंट्री गायक वेलन जेनिंग्जच्या १९७५च्या ‘आर यू शुअर हँक डन इट धिस वे’मध्ये दोनच कॉर्ड्सवर अख्खं गाणं ज्याच्या जोरावर उभं आहे, तोच.

वेलनसारखा आवाज काढायला मी फेझर, म्हणजे आवाजाला लाटेसारखा हेलकावा देणारं पेडल, जुळवत होतो; मागच्या वेळी त्याबद्दलच लिहिलं होतं. ते मिटलं: एमएक्सआरचं फेझ १०० पेडल, स्पीड अगदी खाली, इंटेन्सिटी दुसऱ्या खाचेवर. त्याच्या स्वस्त क्लोनच्या, म्हणजे नकलेच्या, वाटेला जाऊ नका. मी वापरलेला क्लोन चालू केला की खालचा आवाज गळायचा, आणि टेलीच्या (फेंडर टेलिकास्टर गिटारच्या) ब्रिज पिकअपला, म्हणजे ब्रिजजवळ तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाला, ते अजिबात परवडत नाही.

फेझर जमूनही आवाज वेलनचा वाटेना. लाट यायची, ठोसा नाही. गोम त्याच्या १९५३च्या टेलीत आहे. बँडवाल्यांनी भेट दिलेली, काळ्या चामड्यावर पांढरी फुलं असलेली ती गिटार आपण सगळे ओळखतो. त्याने तिचे फ्रेट घासून बुटके केले होते, तारा गळ्याला टेकतील इतक्या खाली आणायला. शिवाय रिदम अंगठा आणि बोटांनी, पिक फक्त लीडला.

म्हणून माझ्या टेलीचे सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली घेतले. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची १.८ मिमीवरून १.२ वर आणली, आणि खरखर सुरू झाली. गळ्याचा बाक ठरवणारा आतला ट्रस रॉड पाव फेरा सैल केला, तर खालचे फ्रेट शांत झाले, पण दुसरी तार दहाव्या फ्रेटवर बेंड करताना (ताणून स्वर चढवताना) मरायला लागली. रॉड परत कसला की पुन्हा खरखर. शेवटी फ्रेट रॉकर (उंच फ्रेट शोधायची पट्टी) फिरवला तेव्हा सातवा आणि अकरावा फ्रेट उंच निघाले. एका जुन्या कारागिराकडून लेव्हलिंग आणि क्राउनिंग, म्हणजे फ्रेट एका पातळीत घासून त्यांचे माथे पुन्हा गोल करणं, करून घेतलं. असं काम करणारी माणसं कमी उरलीत, त्यांना घासाघीस न करता पैसे द्या.

आता १.२ मिमीवर अंगठा हळू ठेवला तर स्वर स्वच्छ, जोर दिला तर स्लॅप. १९५९ मध्ये वेलन रॉक अँड रोल गायक बडी हॉलीच्या मागे बेस वाजवत होता. माझ्या मते तो ठेका तिथूनच त्याच्या अंगठ्यात मुरला.

हा आवाज रेकॉर्डवर आला तो भांडून. १९६५ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला खरा, पण कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या रिवाजात प्रोड्युसर ठरवणार आणि स्टुडिओचे वादक वाजवणार. १९७२च्या नव्या करारात त्याने निर्णय आपल्या हातात घेतले. मग रस्त्यावर सोबत असलेला स्वतःचा बँड स्टुडिओत आला: रिची ऑलब्राइटचे ड्रम्स, राल्फ मूनीची पेडल स्टील. १९७६चा ‘वॉन्टेड! द आउटलॉज’ प्लॅटिनम ठरलेला पहिला कंट्री अल्बम. मला तर त्याचं बंड शब्दांपेक्षा ड्रम्स आणि गिटारच्या त्या घट्ट जोडीत जास्त ऐकू येतं.

आणि हे लिहितानाच बेत बदलतोय. सत्तरच्या दशकातला अस्सल फेझ १०० शोधायचा होता, तो राहू दे. त्या पैशांत टेलीचा सुटा नेक (गळा) घेतो आणि त्याचे फ्रेट वेलनसारखे बुटके करून घेतो; मूळ नेक बेंडिंगसाठी तसाच ठेवतो. ड्रम मशीनही बंद. पुढचं रेकॉर्डिंग खऱ्या ड्रमरबरोबर, एकाच खोलीत, कानात तालाची क्लिक न लावता. बुटक्या फ्रेटवर १०च्या तारा टिकतील की ११च्या, म्हणजे जरा जाड, लागतील? कोणी करून पाहिलं असेल तर नेक मागवायच्या आधी सांगा.