तिखटाच्या गावात

नागपूरची मावशी कोल्हापूरला आली ती कंबर कसूनच. "सावजी पचवलेली बाई आहे मी, तुमचं तिखट मला काय करते!" हे तिनं रिक्षात बसायच्या आधीच सांगून टाकलं. मी काही बोललो नाही. संध्याकाळी तिला खासबागेत नेलं.

खासबाग हे खरं कुस्तीचं मैदान. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोझियम बघून आले आणि १९१२ मध्ये त्यांनी आपल्या पैलवानांसाठी हा आखाडा उभा केला. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, तेव्हा पुढं कितीतरी दिवस त्या बाजूला जाऊन भेळ खायचं माझं मन होईना. एरवी मैदानाच्या आसपासची ही खाऊगल्ली म्हणजे आमचं दुसरं स्वयंपाकघर. भेळ, वडा, डोसा, आप्पे, मंच्युरियन. परगावचा पदार्थ इथं आला की दोन वर्षांत पक्का कोल्हापूरकर होतो.

मावशीनं पहिली राजाभाऊंची भेळ खाल्ली. चुरमुरे, कांदा, चिंचगुळाचं पाणी. द्रोण रिकामा करून माझ्याकडं संशयानं बघितलं. "चांगली आहे. पण तिखट कुठाय?"

आता हिला काय सांगणार? बाहेरच्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा जो लाल भडका मिळतो, तो आमच्या आईनं जन्मात केला नाही. आमच्या घरातली कांदालसूण चटणी झणझणीत असते हे कबूल, पण ती नुसती जाळत नाही, चव सोडून जाते. तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा रस्सा असतो तो काय उगीच? आणि गूळही याच गावचा, हे लोक विसरतातच.

पुढं मी तिला म्हटलं, "मावशी, कॉकटेल घेऊया."

ती जागच्या जागी थांबली. "बाप्पा! तुझ्या आईला माहीत आहे का?"

कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे आईस्क्रीम, फळं, जेली आणि सुकामेवा एका उंच ग्लासात. हे पटवून द्यायला मला पाच मिनिटं लागली. ग्लास संपवायला तिला तेवढीही लागली नाहीत.

मग महाद्वार रोडची गर्दी कापत गंगावेशीत गेलो. तिथं दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. समोर धार काढतात आणि कोमट, फेसाळ दूध तसंच ग्लासात ओतून देतात. तालमीतली पोरं हक्कानं पितात, त्यांच्याकडं बघून आमच्यासारखे ढेरपोटेही. शहराच्या मध्यावर शेण, गवत आणि दुधाचा असा एकत्र वास मला तरी दुसरीकडं कुठं आला नाही. मावशी आधी म्हशीपासून चार हात लांब उभी राहिली. पहिल्या घोटानंतर दोन हात. दुसरा ग्लास तिनं स्वतःच मागितला.

एवढ्यात नागपूरहून काकांचा फोन आला.

"काय विचारता," मावशी सांगत होती, "नुसता जाळ आहे इथं! डोळ्यांतून पाणी काढलं या लोकांनी."

वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी तशीच होती.