पाया पडायला पैसे लागत नाहीत

मी देव मानत नाही हे माझ्या मावशीला ठाऊक आहे आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. "तू नको मानू बापा, तू फक्त पिशवी धर," म्हणाली. गुडघ्यांचं दुखणं आणि वारीचा हट्ट, दोन्ही तिला सारखेच जुने. म्हणून नागपूरच्या काटोल नाक्यावरून पहाटे निघालेल्या दिंडीत पिशवी खांद्याला लावून मीही धापेवाड्याच्या वाटेला लागलो.

धापेवाडा म्हणजे विदर्भाची पंढरी. कळमेश्वर तालुक्यातलं गाव, नदीचं नावही चंद्रभागाच. आषाढी एकादशी आटोपली की पौर्णिमेला विठोबा पंढरपुराहून इकडे येतो, इथल्या संत कोलबा स्वामींच्या भक्तीसाठी येतो, अशी श्रद्धा आहे. मला ही गोष्ट आवडते. पंढरपूरपर्यंत जायचं म्हणजे मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्याकडे देवच येतो, हा हिशेब कोण्या गरिबानंच मांडला असणार. दिंडीत बाया जास्त होत्या. चार घरची धुणीभांडी करून सुट्टी मागून आलेल्या, निंदणाचे दिवस सोडून आलेल्या. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांची पावलं खरी होती.

फेटरीच्या अलीकडे एक ठेकेदार आमच्या बाजूला चालू लागले. पांढराशुभ्र कुर्ता, कपाळाला बुक्का, पायात काही नाही. वारीत सगळे सगळ्यांच्या पाया पडतात, तसे तेही पडत होते, मावशीच्याही पडले. तेवढ्यात फोन वाजला. टाळ काखेत धरून म्हणाले, "अरे त्या सेंट्रिंगवाल्यांना सांग, भाऊ वारीत आहे. वारीत पैशाची गोष्ट नाही करत." फोन ठेवला आणि पुन्हा 'विठ्ठल विठ्ठल' सुरू. आवाज मात्र गोड होता, कबूल करायला पाहिजे.

मग माझ्याकडे वळले. "माऊली, नाव काय जी तुमचं?" मी सांगितलं. "हे झालं नाव. पूर्ण?" मी वडिलांचं नाव जोडलं. "नाही, म्हणजे आडनाव?" मी म्हटलं, राहू द्या ना, चाललं आहे ते बरं चाललं आहे. त्यांनी मला सोडून मावशीला गाठलं. ती भोळी, तिनं सांगून टाकलं. ठेकेदार एकदम खुलले. "मंग आपल्यातलेच की!" म्हणत त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्यासमोर धरलं. आडनाव दुसरं निघालं असतं तर बाटली कुठे गेली असती, याचा विचार करत मी माझं पाणी प्यालो.

मला या वाटेवर जे खटकत होतं ते तिथे नीट कळलं. पाया पडायला काही लागत नाही. वाकलं, हात लावला, उठलं. समतेला खर्च येतो तो मजुरी देताना, लेकीचं लग्न ठरवताना, घर भाड्यानं देताना, आणि तिथे हीच माणसं खिशाला हात लावत नाहीत. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे, देवळाच्या बाहेर. त्यांचा मृत्यू 1338 सालचा. त्यांच्या माणसांसाठी मंदिराचं दार उघडलं 1947 साली, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. मधल्या सहाशे वर्षांत अभंग काही कमी गायले गेले नव्हते.

कळमेश्वरला मुक्काम होता. मावशीच्या शेजारणीची कॉलेजात जाणारी पोरगी माझ्यासोबत मेडिकलपर्यंत आली. तिला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हव्या होत्या. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलं नाही, पाकीट कागदात गुंडाळून दिलं. "आषाढात जातेच हे," एवढंच बोलला. पोरीला आधीपासून मळमळत होतं, डोकं दुखत होतं. मी म्हटलं, घेतलीच पाहिजे काय? ती म्हणाली, "नाही घेतली तर आई उद्या देवळाबाहेर बसवते. मंग एवढी चालली कशाला मी?" रात्री शाळेच्या पडवीत भजन रंगलं. बुवांनी चोखोबांच्या बायकोचा, सोयराबाईचा अभंग धरला, 'देहासी विटाळ म्हणती सकळ'. देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण झाला, असा तिचा सरळ सवाल आहे. बुवांचा स्वर लागला होता, पुरुष मंडळी डोलत होती, आणि पोरगी भिंतीला टेकून पाण्यासोबत गोळी गिळत होती. तिच्या आईनंच पाण्याचा गिलास पुढे केला होता.

दुसऱ्या दिवशी पावसानं झोडपलं. एका भावी नगरसेवकाची गाडी आली आणि प्लास्टिकचे रेनकोट वाटू लागली. पाठीवर मोठा विठोबा, त्याच्याशेजारी तेवढ्याच मापाचे साहेब, खाली पक्षाचा रंग. मत द्या असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2017 साली ते चार विरुद्ध तीन मतांनी आणखी घट्ट केलं, पण पाठीवरचा फोटो काही मागत नसतो. आमच्या म्हाताऱ्या वीणेकऱ्यांनी रेनकोट घेतला, उलटा केला, विठोबा आणि साहेब दोघांनाही आत घेऊन घातला आणि चालू लागले. मागच्या बायांनीही तसंच केलं. या वारीतलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच.

आमच्या नागपुरात नेत्याची निवडणुकीतली फेरी ठरलेली असते. टेकडीचा गणपती, कोराडीची देवी, ताजबागेत चादर, दीक्षाभूमीवर फूल. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी ज्या जागी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याच जागेवर फूल वाहून माणूस तासाभरात गाडीतल्या बुवाला अर्ज भरायचा मुहूर्त विचारतो. कोणाला त्यात विसंगती दिसत नाही. आणि सरकार? 2024 साली राज्य सरकारनं पंढरीच्या मानाच्या पालख्यांसोबतच्या दिंड्यांना प्रत्येकी 20,000 रुपये जाहीर केले. वाटेवर संडास, पाणी, डॉक्टर देणं हे सरकारचं कामच आहे, लाखो माणसं चालतात तिथे ते कमीच पडतं. रोख रक्कम ही वेगळी गोष्ट. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती कोणावर होणार नाही, असं घटनेचं कलम 27 सांगतं. त्या कलमाची आठवण सत्तेत असताना कोणालाच येत नाही, आणि विरोधात असताना मतांच्या भीतीनं कोणी काढत नाही.

धापेवाड्यात दर्शनाची रांग लांबच लांब होती. मावशी गुडघा चोळत उभी. तेवढ्यात रेनकोटवाले साहेब आले, सोबत पाच-सहा पोट्टे, मोबाईल वर धरलेले. मंडळी बाजूच्या दाराकडे निघाली. रांगेतल्या एका बाईनं हाक मारली, "ओ माऊली, रांग इकडून हाय जी!" साहेबांनी वळून तिला हात जोडले, फोटो झाला, आणि ते बाजूच्याच दारानं आत गेले. आमचा नंबर लागायला पुढे आणखी दोन तास लागले.