जास्त वाळवलेला मका

"जास्त वाळवलेल्या मक्याला कुणी जास्त भाव देत नाही."

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याचं हे वाक्य आज दिवसभर डोक्यात घोळतंय. शेतीच्या जोडीला तो बियाणं विकतो, त्यामुळे हिशोब तोंडपाठ.

तिकडे मका साधारण २०-२५ टक्के ओलाव्यावर काढतात. विक्रीचा निकष १५.५ टक्के. त्याहून ओला निघाला तर वजनात कपात, वर वाळवणीचा खर्च. त्या धास्तीने प्रोपेनच्या ड्रायरमध्ये १३.५ पर्यंत नेला, तर १००० बुशेलमागे जवळपास २३ बुशेल वजन हवेत उडून जातं! (एक बुशेल मका म्हणजे २५.४ किलो.) गॅस जळला तो वेगळाच.

वर्षभर साठवायचा असेल तर मात्र १४ टक्क्यांपर्यंत आणावाच लागतो. कोठी भरताना भुगा आणि तुटके दाणे मधोमध साचतात, तिथून हवा जात नाही आणि बुरशी धरते. म्हणून भरल्यावर मधला मका खालून थोडा काढून घ्यायचा.

कोठीत वरच्या मक्याने पापुद्रा धरला तर तो फोडायला आत उतरायचं नाही. खाली पोकळी असते, माणूस काही सेकंदांत गाडला जातो. तिकडे शेतावर कुणी ओळखीचं असेल, तर एवढं नक्की सांगाल?