बरोबर ठरलेला स्ट्रँगल आणि चार लाखांचा तोटा

३ जून २०२४, सोमवार. लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३ वर बंद झाला आणि इंडिया व्हिक्स, म्हणजे येत्या दिवसांत बाजार किती हलेल याच्या अंदाजाचा निर्देशांक, २१च्या आसपास उतरला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ब्रोकिंग ऑफिसात त्या संध्याकाळी ऑप्शन विकून त्याचा भाव, म्हणजे प्रीमियम, खाणाऱ्यांची गर्दी होती. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या एका काकांनी ६ जूनच्या एक्स्पायरीचा (मुदतीचा) शॉर्ट स्ट्रँगल टाकला होता, म्हणजे निफ्टी दोन टोकांच्या मधेच राहील या पैजेवर खालचा पुट (ठरल्या भावाला विकण्याचा हक्क) आणि वरचा कॉल (ठरल्या भावाला घेण्याचा हक्क) दोन्ही विकले होते: २२,००० चा पुट ५५ रुपयांना, २४,५०० चा कॉल ३५ला. २५च्या लॉटने चाळीस लॉट, म्हणजे हजार क्वांटिटी. मिळाले ९०,००० रुपये. अडकलेलं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, २७ लाखांच्या घरात; त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त गहाण ठेवलेल्या सरकारी कंपन्यांच्या शेअर्सवर.

मंगळवारी मतमोजणी. कल बदलू लागले तसा बाजार घसरला. विकलेला पुट दोन कारणांनी महागतो, हे लोक विसरतात. निफ्टी खाली गेला की डेल्टामुळे (निफ्टी एक अंक हलला की ऑप्शनचा भाव किती हलतो ते माप) भाव चढतो, हे सगळ्यांना कळतं. पण निफ्टी २२,००० च्या वर असतानाही तोच पुट कित्येक पट झाला होता, कारण व्हिक्स ३१च्या वर गेला. तो ‘व्हेगा’चा मार: चढउताराची अपेक्षा वाढली की ऑप्शन महागतो. शिवाय दर शंभर अंकांच्या घसरणीला डेल्टाही वाढत जातो, त्यामुळे पहिल्या शंभर अंकांपेक्षा पुढचे शंभर फार जास्त खातात.

काकांचा पुटवर स्टॉपलॉस (तोटा थांबवायची ऑर्डर) होता: ट्रिगर ११०, म्हणजे त्या भावाला ऑर्डर जागी होणार, आणि लिमिट १२०, म्हणजे त्याहून महाग घ्यायचा नाही. ऑप्शनमध्ये एक्स्चेंज स्टॉपलॉस मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्यायची ऑर्डर, घेत नाही, लिमिट द्यावीच लागते. भाव ट्रिगर ओलांडून सरळ १२० च्या पलीकडे गेला. ऑर्डर पुस्तकात लटकत राहिली आणि स्क्रीनवर ‘पेंडिंग’ एवढंच दिसत होतं. माझ्या मते त्या दिवशी सर्वात जास्त लोक इथेच फसले.

त्यात तारण, म्हणजे मार्जिनपोटी गहाण ठेवलेले ते शेअर. नेमके सरकारी कंपन्यांचेच शेअर त्या दिवशी सर्वात जोरात आपटले. मार्जिन किती लागेल ते ठरवणारी एक्स्चेंजची स्पॅन फाइल दिवसात अनेकदा बदलते, प्रत्येक नव्या फाइलला मार्जिनची मागणी वाढत होती आणि तारण आटत होतं. फोन केला तर काका म्हणाले, “थांबा की वो, दुपारनंतर वर येतंय बघा.” रोकड भरायला बँकेत माणूस पाठवला होता म्हणे. तोवर आमच्या रिस्क डेस्कने पुट टप्प्याटप्प्याने परत विकत घेऊन सौदा बंद (स्क्वेअर ऑफ) केला. सरासरी भाव ४८०. खरेदी-विक्रीच्या भावांतच वीस-पंचवीस रुपयांचं अंतर पडलं होतं.

पुटवर सव्वाचार लाख गेले. कॉलचे ३५,००० वजा केले तरी निव्वळ ३ लाख ९० हजार, दलाली आणि कर वेगळे. आठवड्याला ९०,००० प्रीमियमचा हिशोब मांडायचा तर चार आठवड्यांहून जास्तीची कमाई. निफ्टीचा त्या दिवसाचा तळ २१,२८१. तिथे पुटची निव्वळ आंतरिक किंमतच (२२,००० वजा २१,२८१) ७१९ होती.

अमेरिकेत ५ फेब्रुवारी २०१८ला तिथला व्हिक्स १७ वरून ३७ वर बंद झाला आणि व्हिक्सच्या विरुद्ध पैज लावणारं एक्सआयव्ही नावाचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून जास्त कोसळून बंद पडलं. आपल्याकडे तसं उत्पादन नाही, पण स्ट्रँगल विकणारा तेच करत असतो: बाजार शांत राहील अशी पैज.

आदल्या दिवशी २१,५०० चा पुट सोबत विकत घेतला असता, तर पुटच्या बाजूचा तोटा ५०० अंकांपुढे गेलाच नसता, मार्जिनही कमी लागलं असतं. मी सुचवलं होतं. “नव्वदातले वीस-पंचवीस त्यालाच द्यायचे व्हय?” असं उत्तर मिळालं.

बुधवारी निफ्टी २२,६२० वर आला. गुरुवारी एक्स्पायरीला बंद भाव २२,८२१. २२,००० चा पुट शून्य, २४,५०० चा कॉल शून्य. साडेतीनच्या ठोक्याला काकांचा फोन आलाच: “माझं बरोबर होतं की नाही?”

होतं.