तडा गेलेली जुनी पोलादी चाकं : पाचांपैकी किती वाचली

जुन्या मोटारीची १५ इंची पाच चाकं, डिस्क (मधली तबकडी) रिमला (टायर बसतो त्या कड्याला) रिव्हेटने बसवलेली, क्रॉस-प्लाय, म्हणजे रेडियलच्या आधीच्या, टायरच्या जमान्यातली. टायर-ट्यूब उतरले, आता एकेकाचा निकाल लावायचा. ओळखीसाठी डिस्कवर नंबर पंच करू नका; पंचची खूण म्हणजे पुढच्या तड्याला आयती जागा. व्हॉल्व्हच्या भोकातून तार ओवून पत्र्याचा बिल्ला बांधला की भागतं.

सफाई

पेंट रिमूव्हरचे दोन हात, मग हाताने वायर ब्रश. ब्लास्टिंग आत्ता नाही, हे ठासून सांगण्यासारखं आहे. ग्रिटच्या माऱ्याने पत्र्याचा वरचा थर ठोकला जातो, तड्याचं तोंड मिटतं आणि नंतर तडा दाखवणारा पातळ रंग, म्हणजे पेनिट्रंट, आत शिरतच नाही. चाक स्वच्छ दिसतं, तपासणीत ‘पास’ होतं आणि तडा आत तसाच राहतो. ब्लास्ट करून, पावडर कोटिंग चढवून मिळालेलं चाक म्हणूनच गंजक्या चाकापेक्षा जास्त संशयास्पद समजावं.

रंग काढण्याआधी एक फेरी मात्र डोळ्यांनी मारायची. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून पाझरलेला तांबूस ओघळ दिसला तर खडूने खूण करून फोटो काढून ठेवा. रंग गेला की तो पुरावाही जातो.

डाय पेनिट्रंट

तीन डबे लागतात : क्लीनर, लाल पेनिट्रंट, तड्यातला लाल रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर. क्लीनरने तेल-ग्रीस काढून पूर्ण वाळू द्यायचं. पेनिट्रंट मारून १० ते १५ मिनिटं थांबायचं. नंतर कोरड्या कापडाने पुसायचं आणि शेवटी क्लीनरने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने. क्लीनरचा फवारा थेट चाकावर मारला तर तड्यातलं पेनिट्रंटही धुऊन निघतं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. डेव्हलपरचा थर पातळ हवा, खालचा पत्रा किंचित जाणवेल इतपत. मग १० मिनिटं नजर ठेवायची.

रिव्हेट चाकाचं एक दुखणं : रिव्हेटच्या टोपीभोवती आणि डिस्क-रिमच्या सांध्यात फट असतेच, तिथून लाल रंग येणारच. त्याने घाबरायचं नाही आणि त्याकडे काणाडोळाही करायचा नाही. टोपीभोवती सरळ गोल कडं उमटलं तर ती फट. त्या कड्यातून फुटून एखादी रेघ पत्र्यात निघाली तर तो तडा. शंका असेल तिथे मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबक लावून लोहभुकटीने तडा शोधणं) करून घ्या. ती करताना योक (दोन पायांचा विद्युतचुंबक) एकमेकांना काटकोनात अशा दोन दिशांनी लावायला सांगा, कारण चुंबकीय क्षेत्राला समांतर असलेला तडा दिसत नाही.

चाक टांगून हातोडीने टिचकी मारणं हा जुना उपाय. भदभद आवाज आला तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. खणखणीत वाजलं म्हणून चाक चांगलं, हे मात्र नाही.

चाक १ : बाद

पुढून निर्दोष. मागच्या बाजूला, हबला टेकणाऱ्या भागावर, डेव्हलपर मारल्यावर दोनेक मिनिटांत एका स्टडच्या (चाक हबला आवळणाऱ्या बोल्टच्या) भोकाच्या काठावरून लाल धागा निघाला आणि शेजारच्या भोकाच्या दिशेने वळला. लांबी ११ मिमी. १२० ग्रिटच्या कागदाने हलकंसं घासून पुन्हा तपासणी केली, रेघ कायम. ओरखडा असता तर गेला असता.

११ मिमी म्हणजे थोडकाच, असं म्हणून चालत नाही. टायरचा व्यास ६५ सेमी धरला तर चाक किलोमीटरला सुमारे ४९० फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्यात डिस्क एकदा वाकून सरळ होते. २०,००० किलोमीटरला ही वाकवावाकव जवळपास एक कोटी वेळा होते. भोकाजवळचा तडा हा धक्क्याचा नव्हे, थकव्याचा. एका भोकाला तो आला याचा अर्थ बाकीच्या भोकांनीही तेवढेच फेरे खाल्लेत. म्हणून डिस्कवरच्या तड्याला लांबीची सवलत नाही. स्टडची भोकं, मधलं भोक, हवेच्या खाचा, सगळीकडे हाच नियम.

कारण बहुतेक वेळा नट सैल असणं. जुनी डिस्क स्टडभोवती किंचित फुगीर असते, नट आवळला की स्प्रिंगसारखी दबते आणि तो दाब तिला हबवर हलू देत नाही. दाब गेला की डिस्क हबवर घासते आणि तडा मागून सुरू होतो. दाब जाण्याची वाट साधी आहे : नटाच्या टेपरवर (निमुळत्या बैठकीवर) किंवा हबच्या तोंडावर रंगाचा जाड थर. तो चेपला जातो आणि पाना न लावता नट ढिला होतो. चुकीच्या टेपरचा नटही तेच करतो. गोलसर सीटवर शंकूचा नट फक्त एका कडेवर टेकतो. भोक लंबगोल झालं असेल तर तडा नसला तरी चाक बाद, आणि त्या हबचे स्टडही बदला.

चाक ३ : बाद

याला आधी कुणीतरी वेल्ड मारलाय. वेल्ड शाबूत, नवा तडा त्याच्या काठाला लागून. वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या पत्र्यात ताण साठतो, काठाशी खाच राहते, आणि थकलेलं पोलाद तापवून ताजं होत नाही. तड्याच्या टोकाला भोक पाडण्याची युक्तीही डिस्कवर नको. आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीच नाही, हवा काढलेली असली तरी. आतलं रबर तापून त्याचा वायू पेट घेतो आणि टायर फुटतो.

चाक ४ : बाजूला

तडा नाही, पण दोन रिव्हेटभोवती तांबूस भुकटीचे फराटे. टोपीवर एका बाजूने बोट ठेवून दुसऱ्या बाजूने टिचकी मारली तर हालचाल जाणवते. डिस्क आणि रिम दोन्ही चांगले, त्यामुळे चाकं बांधणाऱ्याकडून नवे रिव्हेट. सैल रिव्हेटवर वेल्डचा टिपका मारणं ही पळवाट.

चाक २ आणि ५ : पास

५ नंबर दिसायला सर्वांत भिकार. रिमच्या खोलगट भागात गंजाचे खड्डे आहेत. टोकदार जबड्याच्या मायक्रोमीटरने चांगला पत्रा ३.० मिमी, सर्वांत खोल खड्ड्यात २.८. आपली मर्यादा १० टक्के झीज, त्यामुळे चालेल. खड्ड्यांच्या तळाशी, व्हॉल्व्हच्या भोकाशी आणि रिमच्या जोडावर पेनिट्रंट दोनदा. रिमच्या ओठावर नुसता पोचा असेल तर विचार करता येतो; पोच्यात तडा असेल तर रिम गेली.

आऊट, म्हणजे फिरताना चाक किती डगमगतं ते, मोजताना डायल गेज ओठावर नाही, बीड (टायरची आतली कड) बसते त्या पट्टीवर. आधी हबचं तोंड तपासा, नाहीतर हबचा दोष चाकाच्या माथी. २ नंबर ०.६ मिमी, ५ नंबर ०.९. १.५ च्या वर गेलं असतं तर मॅन्युअलमधला आकडा काहीही असो, चढवलं नसतं.

दोन्हींना ट्यूब लागणारच, रिव्हेटमधून हवा निघते. रेडियल टायरचा मोह असेल तर त्या गाडीच्या उत्पादकाने या रिमवर रेडियल मंजूर केलेत का, ते आधी पाहा. जादा पकडीमुळे वळणावर डिस्कवर जास्त वाकण पडते.

रंग : नटाचे टेपर आणि हबला टेकणारा भाग मास्क करून, तिथे फक्त गंजरोधकाचा पुसट हात. मॅन्युअलच्या टॉर्कने आवळून ५० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क, मग २०० ला. नट दुसऱ्यांदाही फिरला तर चाक उतरवून मागची बाजू पाहायची.

१ आणि ३ स्टेपनी म्हणूनही ठेवलेली नाहीत. ग्राइंडरने स्टडच्या भोकांमधून आरपार कापून भंगारात.