वार्षिक प्रार्थनासभा आणि वहीतला चौथा रकाना

आमच्या ख्रिस्ती मंडळाच्या वार्षिक प्रार्थनासभेचा अहवाल दर वर्षी छापून येतो आणि दर वर्षी तो सारखाच असतो. आरंभीचं गीत, शास्त्रवाचन, स्वागत, चिटणिसांचं निवेदन, हिशेब, दानार्पण, आभार, आशीर्वाद. हे सगळं होतं आणि व्हायलाच हवं. हिशेब वाचला जात असताना मागच्या बाकांवर काय चालतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा त्याबद्दल इथे एवढंच.

मला सभा आठवते ती साक्षींमुळे, म्हणजे प्रार्थनेचं काय झालं ते माणसं उभं राहून सांगतात त्यामुळे. लोकांच्या प्रार्थनेच्या विनंत्यांची वही माझ्याकडे असते, म्हणून असेल. त्या वहीत तारीख, नाव, विनंती आणि उत्तर असे चार रकाने आहेत. विनंतीच्या रकान्यात माणसाला गाठणारं बहुतेक सगळं येऊन गेलंय: आजार, कर्ज, कोर्टाची तारीख, मुलाची दारू, मोडत आलेला संसार, हातची गेलेली नोकरी. चौथा रकाना मात्र सावकाश भरतो आणि पुष्कळ ओळींसमोर तो रिकामाच राहतो.

काम झालेल्यांच्या साक्षी सभेत भरपूर होतात. ऑपरेशन पार पडलं, निकाल बाजूने लागला, मूल झालं. लोक हालेलूया म्हणतात, मीही म्हणते आणि मनापासून म्हणते. पण माझा गळा दाटतो तो रकाना रिकामा असलेलं माणूस उभं राहतं तेव्हा. कमिटीत यावरून माझी दर वर्षी वादावादी होते. ‘नव्या लोकांचा विश्वास डळमळेल, झालेल्या कामांच्याच साक्षी ठेवा,’ असं काहींचं म्हणणं असतं. मी त्यांना बायबलातलं ८८वं स्तोत्र उघडून दाखवते. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाला आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते १५० स्तोत्रांत राहिलं, कोणी उचलून बाहेर टाकलं नाही. बायबलला जे चाललं ते आमच्या मंडळाला चालायला हरकत नसावी.

एका सभेत एक ताई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान बऱ्याच काळापासून अंथरुणाला खिळलेले. हातात कागद नव्हता, आवाजही फार चढवला नाही. म्हणाल्या, “आधी मी देवाला म्हणायचे, ह्यांना उठव. आता म्हणते, रोज सकाळी मला उठव.” पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रार्थना करता करता त्यांना धीर आला तो मदत मागण्याचा. तोवर संकोचाने कुणाला काही बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी भर सभेत त्यांनी विचारलं, आठवड्यातून दोनदा दुपारी कोणी ह्यांच्याजवळ बसेल का? हात वर झाले. बायबलातल्या नहेम्याचंही असंच आहे; तो अर्तहशश्त या पारसी राजाच्या चाकरीत होता आणि त्याला यरुशलेमचा पडलेला तट बांधायला जायचं होतं. राजाने ‘तुझं मागणं काय?’ असं विचारलं, तेव्हा त्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच रजा, वाटेसाठी पत्रं आणि दरवाजांसाठी लाकूड असं सगळं नीट मागून घेतलं. प्रार्थना करणारा माणूस हात जोडून नुसता बसून राहतो असं ज्यांना वाटतं त्यांनी नहेम्याचं पुस्तक वाचावं.

एका वर्षी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या धर्मगुरूंनी, बायबलातल्या हिज्कीया राजावर संदेश दिला. चालून आलेल्या अश्शूरच्या राजाचं, सन्हेरीबाचं, धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं. संदेश संपला. विनंत्यांच्या वेळी एक तरुण पुढे आला, खिशातून बँकेची नोटीस काढली आणि टेबलावर पसरून ठेवली. बोलला काहीच नाही. सभा क्षणभर गोंधळली. मग पहिल्या रांगेतल्या आजी उठल्या, त्या कागदावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. सन्हेरीबाचं सैन्य एका रात्रीत गारद झालं, आमच्या तरुणाचे हप्ते अजून चालू आहेत. पण सभा सुटल्यावर हिशेबाच्या कामातून निवृत्त झालेले एक भाऊ त्याला घेऊन बसले, देणं कागदावर मांडलं, नंतर त्याच्यासोबत बँकेत गेले आणि हप्ते लहान करून आणले. वहीत चौथ्या रकान्यात काय लिहावं हे मला कळेना. शेवटी ‘चालू’ असं लिहिलं.

हिज्कीयाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. एकदा बाहेरून आलेल्या वक्त्यांनी ठासून सांगितलं की खरा विश्वास असेल तर औषध लागत नाही. पाळकसाहेब एरवी पाहुण्यांना कधी अडवत नाहीत. त्या दिवशी आभाराच्या निमित्ताने उभे राहिले आणि बायबलातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा विसावा अध्याय काढला. हिज्कीया मरणाला टेकला होता, रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आयुष्याची १५ वर्षं वाढवली. आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. “भगिनींनो, साखरेच्या गोळ्या चालू ठेवा,” एवढं बोलून पाळकसाहेब बसले. ते आभार मी कधी विसरणार नाही. अहवालात मात्र ‘आभारप्रदर्शन झाले’ एवढंच छापलंय.

वही ठेवण्याची कल्पना आमची नाही, हेही सांगायला हवं. जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात अनाथाश्रम चालवले, हजारो मुलं वाढवली आणि पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही, देवाकडेच मागायचं, हा नियम पाळला. मागितलेलं आणि मिळालेलं ते लिहून ठेवत. एका पाहुण्या बाईंनी त्यांची गोष्ट सभेत सांगितली, पण नेहमीची, चमत्कारांची नव्हे. म्यूलर यांनी १८४४ मध्ये पाच जणांच्या तारणासाठी, म्हणजे ते विश्वासाकडे वळावेत म्हणून, रोज प्रार्थना धरली. पहिला दीड वर्षाने वळला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. ३६ वर्षं झाली तरी दोघं बाकी होते, आणि म्यूलर लिहितात की प्रार्थना चालू आहे. बाई एवढंच सांगून खाली बसल्या. पहिल्या रांगेतल्या त्याच आजी मला नंतर म्हणाल्या, “म्हणजे म्यूलरसाहेबांचीही वही पूर्ण नव्हती तर.” त्यांच्या मुलाचं नाव आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

आता थोडी कुरकुर. विनंती लिहायला माणसं घरी शोधत येतात, रात्री फोन करतात. काम झालं की सभेला जागा रिकामी. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांतला. आमचं प्रमाण त्याहून बरं आहे, पण फार नाही. तरुण संघाबद्दल काय बोलावं? त्यांची गीतं झाली की अर्धी गॅलरी उठते आणि साक्षींना उरतात म्हातारी माणसं. ज्यांच्यासमोर आयुष्यातल्या सगळ्या परीक्षा अजून उभ्या आहेत त्यांनीच ऐकायचं तर ते बाहेर मोबाईलवर.

मदत करणाऱ्यांची नावं छापू नका असं त्यांनीच बजावलंय, म्हणून कामांवरून ओळखा. आदल्या रात्री सतरंज्या झटकणारे दोघे भाऊ. पेटीवाले काका आणि त्यांची गैरहजेरी सांभाळून घेणारा तबलजी. माईक सुरू नसताना ‘हॅलो’ आणि सुरू झाल्यावर काहीच न बोलणारा मुलगा. व्हीलचेअरसाठी पायऱ्यांवर फळी टाकणारे सुतारदादा. लहान मुलांना मागच्या खोलीत गुंतवून ठेवणाऱ्या संडे स्कूलच्या तिघी, ज्यांना इतक्या वर्षांत एकही साक्ष पूर्ण ऐकता आली नाही. येऊ न शकणाऱ्या आजारी माणसांच्या विनंत्या घरोघरी जाऊन लिहून आणणाऱ्या वहिनी, ज्यांच्यामुळे माझी वही भरते. पाणी भरणारे, चपला रांगेत लावणारे, दानपेटीची दोनदा मोजणी करणारे. फुलं आणणाऱ्या ताई राहत होत्या! गेल्या वर्षीही त्या अहवालातून राहिल्या होत्या आणि महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

आणि साक्ष लांबली की घंटी वाजवायचं काम असलेले ते गुरुजी. पाच मिनिटांचा नियम कमिटीचा, रोष मात्र त्यांच्यावर. अंथरुणाला खिळलेल्या यजमानांबद्दल ताई बोलत होत्या त्या दिवशी पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. कमिटीतल्या एकांनी हातवारे केले, तसे गुरुजींनी घंटी उचलून खिशात घातली. यंदाही ती त्यांच्याकडेच द्यावी असा ठराव मी मांडणार आहे.